बिनगाठीचा राजा

पडदा वर जातो. सारंगखेड्याच्या एका गल्लीतला ओटा. मागे हिरवा दरवाजा. उजव्या अंगाला मोहिनी नावाची पांढरी घोडी, डाव्या अंगाला केळीचे घड बांधायच्या दोऱ्यांचं भेंडोळं. मधोमध पत्र्याची एक जुनी ट्रंक. तिच्या झाकणावर कुणीतरी सिंह रंगवलेला होता, रंग उडत उडत त्याचं आता मांजर झालं आहे. ट्रंकेवर बसलेलं पात्र म्हणजे सुपडूआबा. वय सत्तरीच्या पुढे, मिशा अजून राजाच्या, गुडघे मात्र गरीब प्रजेचे. वेळ दुपारची, मार्गशीर्षातली. तापीवरून गार वारा येतो आहे आणि लांब जत्रेच्या मैदानात पाळणे उभारायची ठोकाठोकी चालली आहे.

डाव्या विंगेतून, म्हणजे स्वयंपाकघरातून, आबांच्या पत्नी धनुबाई प्रवेश करतात. हातात झाडू.

"उठा तठून."

"काबर?"

"बुधवारले भंगारवाला येस. त्याले देवानी शे ती ट्रंक. नवी कोठी कोठे ठेवू मी? तुमना डोकावर?"

"मन्हा डोकावर मुकुट व्हता."

"व्हता. आते टक्कल शे. जागा रिकामीच शे."

अशा संवादाला टाळी मिळते, पण ती बोलणाऱ्याला. ऐकणाऱ्यानं मान खाली घालायची असते. आबांनी घातली. मात्र ट्रंकेवरून ते उठले नाहीत.

त्या ट्रंकेत त्यांचं अर्धं आयुष्य होतं, आणि ते अर्धं आयुष्य ऐकण्यासारखं आहे. आबांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हे जन्मल्या जन्मल्या त्यांना सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. ही हकीकत सांगताना आबा शेवटी आपल्या पदरचं जोडतात, "पाखडताना दाणे उडी गयात, फोल उरनं. तेच घरवालास्नी वाढवं." घरची काळीभोर जमीन, कापूस, केळी, विहिरीला पाणी. पोराला काही कमी नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यानं कमी शोधून काढलं. मिसरूड फुटायच्या वयात जत्रेत आलेल्या तमाशाच्या तंबूमागे तो घुटमळू लागला, आणि जत्रा संपून तंबू उखडला तेव्हा तंबूबरोबर हाही उखडला.

फडाचे मालक ईश्वर मास्तर. त्यांनी पोराला खालीवर न्याहाळलं आणि थेट राजाची भूमिका दिली. आपल्या चेहऱ्यावरचं तेज मास्तरांनी ओळखलं, असं पोराला वाटलं. पुष्कळ दिवसांनी कळलं की आधीचा राजा कावीळ होऊन घरी गेला होता आणि त्याचा लाल मखमलीचा झगा फडात दुसऱ्या कुणाच्या अंगात बसत नव्हता. पुढची तीसेक वर्षं सुपडू राजा राहिला तो अभिनयामुळे नाही, मापामुळे. मध्ये एकदा पोट सुटलं, तेव्हा राज्य जायची वेळ आली होती. मास्तरांनी भाकरी मोजायला सुरुवात केली आणि गादी वाचली.

फड दसऱ्याला निघायचा. उन्हाळा सरता सरता आबा घरी यायचे, पेरणीपुरते शेतकरी व्हायचे आणि पुन्हा पसार. शेत ओढलं ते धनुबाईनं. वर्षातून एकदा, सारंगखेड्याच्या जत्रेत, फड त्यांच्याच गावी यायचा. पण घरच्या बाईनं तमाशाच्या तंबूत पाय ठेवायचा नाही, असा तेव्हाचा रिवाज. त्यामुळे धनुबाई याच ओट्यावर बसून कापूस निवडता निवडता तंबूवरच्या भोंग्यातून नवऱ्याचा आवाज ऐकायच्या. "प्रधानजी, प्रजा सुखी आहे ना?" असं विचारणारा तो आवाज, आणि मग एकाएकी हजारभर माणसांचं हसणं. हसणं का, ते ओट्यावर कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्या विचारायच्या, "काल लोके काबर हसनात?" आबा म्हणायचे, "ते देखनं पडस."

देखायला त्या कधीच गेल्या नाहीत. मग फड बुडाला, मास्तर गेले. जाण्याआधी त्यांनी ही ट्रंक आबांच्या हवाली केली होती. आत लाल झगा, सुरवार, पत्र्याचा मुकुट, दोऱ्याची रिळं आणि एक आरी. चांभाराकडे असते तशी, टोकाला बारीक आकडा असलेली.

तर मंडळी, ट्रंक वाचवायची कशी, हा पेच घेऊन आबा बसले होते. एवढ्यात मुलगा हेमकांत लंगडत आला. लंगडत म्हणजे, लागलं नव्हतं, पण जीन पॅन्टचा गुडघा हातानं धरून चालत होता. केळीच्या शेताचं काटेरी तारेचं कुंपण ओलांडताना पॅन्ट गुडघ्यावर कोयत्यानं कापावी तशी फाटली होती.

"परवा मोहिनीले मैदानमा नाचाडानी शे, आनि हाई देखा!"

हेमकांतची बायको ममता शहाद्याच्या शाळेत शिकवते. ती दारातून म्हणाली, "अहो, फेकून द्या आता ती पॅन्ट. उद्या शहाद्याहून नवी आणते."

"नवी चालस नही. कडक कापड घासायनं का मोहिनी बिचकस. तिले हाईच पॅन्ट माहीत शे."

हे खरं होतं. घोडी आणि पॅन्ट बरोबरीनंच मऊ झालेल्या होत्या. गावातला शिंपी तर जत्रेआधी घोड्यांच्या झुली शिवण्यात गळ्यापर्यंत बुडालेला. आबांनी संधी साधली. ते ट्रंकेवरून उभे राहिले, हात उंचावला आणि म्हणाले, "मी शिवी देस."

घोडीनंसुद्धा मान वळवली.

"तुम्ही?" धनुबाई म्हणाल्या. "तुम्हले सदराले गुंडी लावता येस का?"

"गुंडी येस नही. पॅन्ट येस. तीस वरीस फडना कपडा मीच शिवेत. हाई ट्रंकमाच समदं सामान शे. भंगार म्हणस ना तू? देख आते भंगार काय करस ते."

धनुबाईनं झाडू भिंतीला टेकवला. "बरं. जत्रामा पॅन्ट टिकनी तं ट्रंक घरमा. उसवनी तं बुधवारले भंगारमा. ममता, तू साक्षीले."

"मला कशाला मध्ये घालता आई?" ममता म्हणाली, पण ओट्यावर बसली. असला खेळ शाळेत मिळत नाही.

आता खरं सांगायचं तर आबांनी पॅन्ट उत्तम शिवली. जीनच्या पॅन्टचा पाय अरुंद, त्यात हात घालून गुडघ्याला ठिगळ लावायचं म्हणजे मडक्यात हात घालून मोदक वळण्यासारखं. म्हणून त्यांनी ब्लेडनं बाहेरच्या बाजूची शिवण कमरेपासून घोट्यापर्यंत उसवली आणि पाय चटईसारखा सपाट पसरला. जाड कडा मऊ व्हाव्यात म्हणून वरवंट्यानं ठेचल्या. तो वरवंटा धनुबाईंचा होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळच्या ठेच्यात निळा धागा निघाला तेव्हा धनुबाईंच्या लक्षात आलं.

ठिगळाला कापड हवं होतं. ट्रंकेत लाल मखमलीइतकं दणकट काही नव्हतं. आबांनी झग्याची पाठ पुढ्यात घेतली. राजा प्रेक्षकांना कधी पाठ दाखवत नाही, हा रंगभूमीचा नियम, तेव्हा पाठीतला तुकडा गेला तर राज्याचं काही नुकसान नाही. तळहाताएवढी मखमल कापून त्यांनी ती गुडघ्याच्या आतून बसवली. दोन सुया मोडल्या, अंगठ्याला चार ठिकाणी टोचलं, टोचल्यावर त्यांनी जे शब्द काढले ते ऐकून ममता आत गेली. पण ठिगळ असं बसलं की धनुबाईनं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं तरी हललं नाही.

"हम्म," त्या म्हणाल्या. चाळीसपेक्षा जास्त वर्षांच्या संसारात आबांना एवढी दाद क्वचित मिळाली होती.

राहिली बाजूची शिवण. आबांनी आरी घेतली. आतून दोरा, बाहेरून आरी. आकड्यानं दोऱ्याचा फास बाहेर ओढायचा, त्या फासातून पुढचा फास, पुढच्यातून त्याच्या पुढचा. साखळीसारखा टाका भराभर कमरेवरून घोट्याकडे धावत गेला. हात आपोआप चालत होता. या टाक्याला त्यांना बघावंही लागत नव्हतं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी हेमकांत ती पॅन्ट घालून मोहिनीला घेऊन मैदानावर गेला. आबांनी धुतलेला पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं असा थाट केला. निघण्याआधी ते ट्रंकेवर जरा टेकले, आता ही आपलीच राहणार म्हणून. उठताना कुठेतरी टर्र असा आवाज आला. गुडघ्याचा असेल म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं.

मैदान भरलं होतं. ढोल वाजत होते, धूळ उडत होती, बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत चढून बसल्या होत्या. त्यातल्या एका ट्रॉलीत धनुबाई आणि ममता. आबा दोरीला लागून अगदी पुढे. गावातला पवन माईक घेऊन ओरडत होता, "आणि आता येत आहे आपल्या सारंगखेड्याची शान, मोहिनी!"

मोहिनी आली. ढोलाच्या ठेक्यावर पुढचे पाय उचलत, मान वळवत, नवरीसारखी आली. हेमकांत ताठ बसलेला. ऊन पॅन्टवर पडलेलं. ठिगळ दिसतसुद्धा नव्हतं. आबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "पॅन्ट देखी का? मी शिवेल शे." तो माणूस म्हणाला, "मी घोडी देखी ऱ्हायनू, आबा."

मग आबांना तो दिसला. हेमकांतच्या घोट्यापाशी लोंबणारा दोरा. वीतभर, पिवळा, ऐटीत हलणारा. मोहिनीनं पाय उचलला, स्वारानं पाय ठेवायची रिकीब हलली, आणि दोरा रिकिबीच्या बकलात अडकला.

तेव्हा कुठे आबांना आठवलं.

वगाच्या पूर्वार्धात सुपडू राजा असे आणि उत्तरार्धात भिकारी. मध्ये फक्त एक लावणी. तेवढ्या वेळात कपडे बदलणं अशक्य, म्हणून मास्तरांनी युक्ती काढलेली. भिकाऱ्याच्या फाटक्या चड्डीवर राजाची सुरवार चढवायची आणि तिच्या बाजू अंगावरच, आरीनं, साखळी टाक्यानं शिवायच्या. शेवटचा फास मोकळा ठेवायचा. गाठ मारायची नाही. लावणी संपली की घोट्याजवळचा दोरा ओढायचा, सर्र करून राजा गळून पडायचा आणि आतून भिकारी बाहेर. हजार माणसं हसायची ती तिथे. ज्यानं राजाच्या दोऱ्याला गाठ मारली त्याचा दोन दिवस चहा बंद, असा मास्तरांचा कायदा. चहासाठी आबांचा हात असा तयार झाला होता की कमरेपासून घोट्यापर्यंतच्या शिवणीला गाठ मारायची असते, हे त्या हाताला माहीतच नव्हतं.

ढोल वाजला. मोहिनी नाचली. सर्र.

घोटा उघडला. सर्र, पोटरी. सर्र, गुडघा. मोहिनी जितकी सुंदर नाचत होती तितकी पॅन्ट वेगानं उसवत होती. शेवटी पाय कमरेपर्यंत उघडा पडला, जीनचं फडकं निशाणासारखं फडफडू लागलं, त्याच्या आतून लाल मखमलीचं ठिगळ चमकू लागलं, आणि हेमकांतची हिरव्या पट्ट्यांची चड्डी सगळ्या तालुक्याला दिसली.

मैदान फुटलं. हेमकांतला खाली उतरता येईना, वर बसवेना. एका हातानं लगाम, एका हातानं पॅन्ट. कान लाल झालेले. फडकं पोटाला लागून मोहिनी बिचकली आणि मागे मागे सरकू लागली. ढोलकरी थांबले.

आबा दोरीखालून आत शिरले. शिरले म्हणजे, टोपी दोरीत अडकली, ती तिथेच सोडली. त्यांनी मोहिनीचा लगाम धरला, तिच्या मानेवर हात ठेवला आणि मग लोकांकडे तोंड करून उजवा हात वर केला. बऱ्याच वर्षांनी पोटातून तो आवाज निघाला. त्याला माईक लागत नव्हता.

"प्रधानजी! प्रजा सुखी आहे ना?"

हसणं एकदम थबकलं. म्हाताऱ्या लोकांतून कुणीतरी ओरडलं, "अरे, सुपडू राजा शे!"

"प्रजा सुखीच दिसते," आबा म्हणाले, "कारण आमच्या युवराजांची विजार गेली. पण युवराजांना हसू नका! त्यांचा काही गुन्हा नाही. ही विजार आम्ही स्वतः शिवली. आम्ही तीस वर्षं राज्य केलं, पण गाठ कुठे मारायची ते आम्हाला अजून समजलेलं नाही. हसायचं तर आम्हाला हसा, आम्हाला सवय आहे!"

आता जे हसणं उठलं ते वेगळं होतं. हेमकांतवरचं ओझं त्या हसण्यानं उचललं आणि आबांच्या डोक्यावर आणून ठेवलं. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून लेकाच्या कमरेला गुंडाळलं. ढोल पुन्हा सुरू झाला, मोहिनीनं पाय उचलला, पवन माईकवरून "राजासाठी टाळ्या!" म्हणून ओरडला. आबांनी मुजरा केला आणि मोठ्या डौलात पाठ फिरवून निघाले.

राजानं पाठ दाखवायची नसते, तो नियम असा विसरला गेला. ट्रंकेच्या गंजक्या कडेनं सकाळी पायजमा मागून टरकवला होता. टर्र आवाज गुडघ्याचा नव्हता.

त्या गदारोळात आबांना एक हसणं वेगळं ऐकू आलं. ट्रॉलीत उभ्या राहिलेल्या धनुबाई पदर तोंडात कोंबून, एका हातानं ममताचा खांदा धरून, वाकून वाकून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आबा मागची फाट हातानं झाकून चालता चालता थांबले आणि नुसते बघत राहिले. हे हसणं त्यांनी कधी कमावलं नव्हतं.

घरी आल्यावर हेमकांतनं कमरेचं उपरणं सोडलं. मग म्हणाला, "आबा, पुढला वरीस मी लुंगी लावसू. तुम्हले शिवाले काहीच देवाव नही."

बुधवारी गल्लीत भंगारवाल्याची हाळी आली. शब्द तो शब्द. आबांनी कुणाला हाक न मारता ट्रंक ओढत दारापर्यंत आणली. मांजर झालेल्या सिंहावरून एकदा हात फिरवला. धनुबाई बाहेर आल्या, त्यांनी भंगारवाल्याला जुन्या कूलरचा पत्रा दिला आणि म्हणाल्या, "जाय भाऊ, आज इतलंच शे."

"पॅन्ट उसवनी ना," आबा म्हणाले.

"उसवनी."

"मंग ट्रंक?"

"इतला वरीस भोंगामाईन लोकेस्नं हसनं ऐकं मी. तुम्हले इचारं तं म्हणेत, ते देखनं पडस. काल देखं." त्या ट्रंकेचं झाकण उघडू लागल्या. "अर्धंच देखं. भिकारी देखा, राजा देखाच नही. घाला तो झगा."

"त्यानी पाठले भोक शे. ठिगळले कापी टाकं."

"पाठ काल समद्या गावनी देखेल शे."

आबांनी झगा चढवला. पोटावर तो जुळेना. सुरवार पायजम्यावर चढवली, तिच्या दोन्ही बाजू उघड्या. मुकुट टकलावर जरा घसरला. धनुबाई समोर चवड्यावर बसल्या आणि आरी हातात घेतली. आतून दोरा, बाहेरून आरी, असं आबा सांगत गेले आणि त्या एकेक फास ओढत कमरेवरून खाली येत गेल्या. मध्येच एकदा टोचलं, आबा ओरडले, मोहिनीनं मान वळवली. ममता दाराला टेकून बघत होती, शाळेला उशीर होत होता तरी.

घोट्यापाशी आल्यावर धनुबाईनं शेवटचा फास बोटात धरून ठेवला आणि मान वर करून विचारलं, "गाठ मारू का?"

राजानं मुकुट सावरला, थोडा विचार केला, आणि म्हणाला, "मार, पण सैल मार. मन्हा वयले घडी घडी मोरीमा जानं पडस."